लिनक्स लॅपटॉपच्या कामाबद्दल आपल्या अभिप्रायास उत्तर
महोदय, सप्रेम नमस्कार.

सुरू व्हायला फार वेळ घेणारा आपला लॅपटॉप आपण आमच्याकडे दिला होता. त्या कामाने आपली निराशा झाली याबद्दल मी मनापासून दिलगीर आहे. तथापि ‘दोन ओळी बदलल्या, दहा मिनिटांत लॅपटॉप परत दिला आणि पाचशे रुपये घेतले, मागे चालणाऱ्या सेवा तर तशाच आहेत’ हे आपले म्हणणे वडोदऱ्यातील प्रत्येक नवे गिऱ्हाईक दांडिया बाजारात माझ्या दुकानाची पायरी चढण्यापूर्वी वाचणार आहे, म्हणून खुलासा करणे भाग आहे.

ओळी दोनच होत्या, हे खरे. आपण उबंटू या लिनक्सशेजारी दुसरे लिनक्स बसवले तेव्हा स्वॅपचा (मेमरी अपुरी पडल्यास वापरायचा डिस्कवरील) विभाग नव्याने फॉरमॅट होऊन त्याचा यूयूआयडी, म्हणजे ओळख क्रमांक, बदलला. सुरुवातीला जोडायच्या विभागांची यादी असलेल्या उबंटूच्या एफएसटॅब फाइलीत मात्र जुनाच क्रमांक राहिला आणि अस्तित्वात नसलेल्या त्या विभागाची सिस्टमडी (लॅपटॉप सुरू होताना सेवा चालू करणारे सॉफ्टवेअर) दर वेळी वाट पाहू लागले. ही मुदत मुळातच 90 सेकंदांची असते. तोच जुना क्रमांक हायबरनेशनच्या (काम डिस्कवर साठवून लॅपटॉप बंद करण्याच्या सोयीच्या) रिझ्यूम फाइलीतही होता, त्यामुळे ती दुरुस्त करून इनिटरॅमएफएस (सुरुवातीला सर्वांत आधी चढणारी छोटी फाइलप्रणाली) पुन्हा बांधावे लागले. ‘सिस्टमडी-ॲनालाइझ ब्लेम’ या आज्ञेच्या यादीत असा दोष दिसत नाही, कारण तेथे सुरू झालेल्या सेवांना लागलेलाच वेळ दिसतो. ती यादी पाहूनच आपण घरी ब्लूटूथ आणि छपाईची सेवा बंद केली होती. त्या दोन्ही आम्ही पूर्ववत केल्या, याचा उल्लेख अभिप्रायात नाही, याचे वाईट वाटते. जर्नल (लिनक्सने ठेवलेल्या नोंदी) वाचून नेमक्या त्या ओळींपर्यंत पोहोचण्याचे ज्ञान ज्याच्याजवळ असते, त्याचेच काम दहा मिनिटांत होते. शुल्कही लॅपटॉप हाती घेण्यापूर्वीच सांगितले होते.

उरलेल्या सेवांपैकी बहुतेक काम येईपर्यंत स्वस्थ बसून असतात आणि प्रोसेसरला त्यांचा भार जवळजवळ होत नाही. नेटवर्क जोडले जाईपर्यंत थांबणारी ‘नेटवर्कमॅनेजर-वेट-ऑनलाइन’ आम्ही बंद केली, कारण आपल्याकडे नेटवर्कवरील कोणतीही डिस्क सुरुवातीला जोडायची नव्हती. इतर सेवा सरसकट बंद केल्या असत्या, तर आपल्यालाच पुन्हा फेरी पडली असती.

यापुढे पावतीवर कामाचा तपशील जमेल तसा लिहून देऊ. लॅपटॉप अजूनही सुरुवातीला अडत असेल, तर कृपया एकदा दाखवावा. तपासणीचे पैसे घेणार नाही.