ओळीची लांबी आणि पंचकार्डाचा दाखला

“कोडच्या ओळीला ८० अक्षरांची मर्यादा हा पंचकार्डांच्या (भोके पाडून प्रोग्राम नोंदवायच्या कार्डांच्या) काळातला अवशेष आहे, आता पडदे रुंद झाले आहेत, एडिटर लांब ओळ आपोआप दुमडून दाखवतो, शिवाय या अटीपायी लोक व्हेरिएबलची नावे तोडतात, तेव्हा सामाईक प्रकल्पाच्या शैलीनियमांतून ती काढून टाकावी,” असे विधान प्रोग्रामर मंडळींत सतत फिरत असते. त्यातला नावांविषयीचा आक्षेप बराचसा खरा आहे. बाकीचे मुद्दे तपासल्यावर टिकत नाहीत.

पंचकार्डाचा इतिहास नाकारण्याचे कारण नाही. आयबीएमचे ८० स्तंभांचे कार्ड १९२८ मधले, आणि १९७८ च्या व्हीटी१०० टर्मिनलवरही नेहमीची ओळ ८० स्तंभांचीच होती. परंतु एखादा आकडा कुठून आला, यावरून तो आज निरुपयोगी आहे हे सिद्ध होत नाही. पंचकार्ड कधी न पाहिलेल्या साधनांनीही मर्यादा ठेवलेलीच आहे: पायथन भाषेसाठीचा ब्लॅक हा फॉर्मॅटर (कोडची मांडणी आपोआप करणारे साधन) मुळात ८८ अक्षरे धरतो, तर रस्ट भाषेचा रस्टफॉर्मॅट १००. लिनक्स कर्नलचे (लिनक्स प्रणालीच्या गाभ्याचे) उदाहरण तर हमखास उलटे सांगितले जाते. तेथे २०२० मध्ये तपासणी स्क्रिप्टचा इशारा ८० वरून १०० वर नेला गेला. मर्यादा रद्द झाली नाही, आणि शैलीच्या दस्तऐवजात ८० ला पसंती कायम राहिली.

पडदे रुंद झाले हे खरे, पण ती रुंदी एकाच फाइलला क्वचितच मिळते. २०० अक्षरे मावणाऱ्या खिडकीत जुना आणि नवा कोड शेजारी-शेजारी उघडला, की ओळक्रमांकांची जागा वजा जाता प्रत्येक बाजूला १०० हूनही कमी अक्षरे उरतात. तीन बाजूंचा मर्ज (दोघांचे बदल एकत्र करणे) सोडवताना तर याहून कमी. दृष्टी अधू असल्यामुळे मोठा फॉन्ट वापरणारा सहकारी याच हिशोबात येतो, आणि सामाईक नियम ठरवताना आपल्या टेबलावरचा पडदा प्रमाण मानणे मला अप्रस्तुत वाटते.

ओळ दुमडून दाखवण्याची सोय गद्यासाठी उत्तम आहे. कोडच्या बाबतीत मात्र ओळ कुठे तुटावी हे खिडकीच्या कडेवर ठरते, लिहिणाऱ्याच्या हेतूवर नाही, त्यामुळे अटीचा अर्धा भाग भलत्याच ठिकाणी खाली उतरतो. याहून मोठी अडचण अशी, की गिट हे कोडमधले बदल सांभाळणारे साधन बदलांची नोंद ओळीच्या हिशोबाने दाखवते आणि मर्जही त्याच हिशोबाने करते. १६० अक्षरांच्या एका फंक्शन कॉलमधले एकच आर्ग्युमेंट (फंक्शनला दिलेले मूल्य) बदलले, तरी डिफमध्ये (बदलांच्या तुलनेत) अख्खी ओळ बदललेली दिसते, आणि त्याच ओळीतले दुसरे आर्ग्युमेंट दुसऱ्या कोणी बदललेले असेल तर मर्ज अडतो. (आर्ग्युमेंट वेगवेगळ्या ओळींवर ठेवली, तरी लगतच्या ओळींवरचे बदल अडखळू शकतात, म्हणून या फायद्याचा बडेजाव करू नये.)

आता नावांविषयी. क्लास, मेथड, लूप आणि अट अशा चार पातळ्या आत गेल्या, की चार स्पेसच्या इंडेंटेशनने (ओळीच्या सुरुवातीला सोडलेल्या जागेने) १६ जागा आधीच संपतात, आणि पायथनच्या ७९ च्या हद्दीत स्पष्ट नावे बसवणे खरोखरच जड जाते. यावर उपाय मर्यादा सैल करण्याचा आहे: ती हद्द सांगणारे पायथनचे शैलीनियम, म्हणजे पेप ८, सुद्धा संघाची संमती असल्यास ९९ पर्यंत जाऊ देते. मी नव्या प्रकल्पात १०० सुचवेन आणि लांब यूआरएल व वापरकर्त्याला दिसणारे संदेश यांना सूट देईन. असे संदेश तोडू नयेत, कारण मग ग्रेपने (मजकूर शोधणाऱ्या आज्ञेने) ते सापडत नाहीत, असे कर्नलचा शैलीनियमही सांगतो.

मर्यादाविरोधकांचा सर्वांत भक्कम दाखला गो भाषेचा आहे, कारण तिचा फॉर्मॅटर गोएफएमटी ओळीच्या लांबीला हातच लावत नाही. ही व्यवस्था चालते, हे मान्य. मात्र “ही ओळ फार लांब झाली” हा शेरा मग कोडचा रिव्ह्यू करणाऱ्या माणसाला द्यावा लागतो, आणि नवख्या सहकाऱ्याला तो यंत्राकडून मिळणे अधिक सुसह्य असते.

जुन्या कोडला नियम लावल्याने प्रत्येक ओळ कोणी लिहिली याचा माग पुसला जातो, ही भीतीही आता तितकी उरलेली नाही. पुनर्मांडणी स्वतंत्र कमिटमध्ये (गिटमधल्या बदलांच्या एका नोंदीत) करावी आणि त्या कमिटची ओळख एका फाइलमध्ये नोंदवावी. २०१९ च्या गिट २.२३ पासून ती फाइल प्रत्येक ओळ कोणी लिहिली हे दाखवणाऱ्या गिट ब्लेमला देऊन असे कमिट वगळता येतात.