गाव तिथे चढ

फ्रान्सच्या नैर्ऋत्येला, दोर्दोन्य आणि लॉत या नद्यांच्या खोऱ्यांत, सुंदर गाव शोधायला फार कष्ट पडत नाहीत. मान वर करायची. मान दुखायला लागली की समजायचं, तिथे गाव आहे. चर्चचं टोक, एखादा बुरूज, मधाळ रंगाच्या दगडाची घरं, खिडक्यांत लाल फुलं. आणि या सगळ्याच्या पुष्कळ खाली, रस्त्याच्या कडेला, सायकलचं हँडल घट्ट धरून उभी असलेली मी.

आमची मुलगी नोकरीनिमित्त तुलूझला असते. तिच्याकडे जायचं ठरलं तेव्हा चार लोक करतात तसं पॅरिसला जाऊन यावं, आयफेल टॉवरपुढे फोटो काढावा, एवढीच माझी अपेक्षा होती. पण आमच्या अहोंना निवृत्तीनंतर दोन नाद लागले आहेत, सायकल आणि इतिहास. एकेकटा असता तर निभलं असतं. नुसत्या सायकलवाल्याला कालव्याच्या कडेने सोडून देता येतं, नुसत्या इतिहासवाल्याला संग्रहालयात बसवून आपण बाजारात जाता येतं. दोन्ही एका माणसात एकवटले की तो तेराव्या शतकातल्या गावांना सायकलने जायचं म्हणतो, आणि सोबतीला बायको नेतो.

या तेराव्या शतकातल्या मंडळींबद्दल एक गोष्ट कुणी आधी सांगत नाही. त्यांनी ही गावं आपण बघायला यावं म्हणून वसवलेली नाहीत. आपण येऊ नये म्हणून वसवली आहेत. या मुलखाला शतकानुशतकं शांतता कशी ती माहीत नव्हती. आधी पाखंड्यांचा बीमोड करायला पोपने धाडलेली सैन्यं, मग इंग्लंड आणि फ्रान्सच्या राजांचं शंभर वर्षं चाललेलं भांडण, ते मिटून शंभरेक वर्षं होतात तोवर कॅथलिक आणि प्रोटेस्टंट. तेव्हा गाव वसवणाऱ्याचा विचार अगदी सरळ होता: जो कोणी येईल त्याला वर पोचेपर्यंत तलवार उचलायचं त्राण उरता कामा नये. पुढे तोफा आल्या आणि तटबंद्यांचा उपयोग संपला. राजे गेले, मोटारी आल्या, डांबर आलं. आज ही संरक्षणव्यवस्था फक्त एकाच शत्रूवर चालते. तो मागे दोन बॅगा लटकावलेल्या सायकलवरून येतो, आणि वर पोचल्यावर तलवार राहू द्या, त्याला पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडत नाही.

अहोंच्या हँडलवर मिशेलिनचा कागदी नकाशा असतो. फोनवर त्यांचा विश्वास नाही. या नकाशात चढ बाणांनी दाखवतात. एक बाण म्हणजे ५ ते ९ टक्के चढ, दोन बाण म्हणजे ९ ते १३, आणि तीन बाण म्हणजे त्याच्याही वर. बाणाचं टोक चढाच्या दिशेला. निसर्गरम्य रस्त्याला हिरवी कड. नकाशा अतिशय प्रामाणिक असतो. खोटं बोलतो तो नकाशा वाचणारा.

"अहो, अजून किती?"

"हे वळण गेलं की आलंच."

वळण जातं. पुढे दुसरं वळण असतं. सह्याद्रीत ट्रेकला नेणारी माणसं जी भाषा बोलतात तीच ही भाषा, आणि मी ती लग्नानंतर राजगडावर पहिल्यांदा ऐकली होती. दोन गावांच्या मध्ये एक पांढरा, सपाट, नदीकाठचा रस्ता आणि एक हिरव्या कडेचा, बाणांनी भरलेला रस्ता असेल, तर अहो हिरव्यावर बोट ठेवतात. "पांढऱ्याने काय, ट्रकसुद्धा जातात," असं त्यांचं म्हणणं. मला ट्रकबद्दल त्या दिवसांत फार आदर वाटू लागला होता.

दोमचा चढ त्यातल्या त्यात लक्षात राहिला. १२८१ साली तिसऱ्या फिलिप राजाने हे गाव दोर्दोन्य नदीच्या काठी, म्हणजे काठापासून सुमारे दीडशे मीटर उंच कड्यावर वसवलं. सेनाक गावातून रस्ता सुरू होतो आणि लगेच उभा राहतो. मी सगळ्यात हलका गिअर टाकला. त्या गिअरमध्ये पाय सशासारखे पळतात आणि सायकल जागची हलत नाही. एक गोगलगाय रस्ता ओलांडत होती. ती माझ्या पुढे निघाली असं मी म्हणणार नाही, पण तिला घाई नव्हती. शेवटी मी उतरले आणि ढकलायला लागले. तेव्हा शेजारून अहो, अजून खोगिरावरच, धापा टाकत म्हणाले, "१५८८ मध्ये जोफ्रोआ द व्हिव्हाँ नावाच्या प्रोटेस्टंट सरदाराने फक्त तीस माणसं घेऊन हे गाव घेतलं! कड्यावरून! रात्री! त्या बाजूला तटबंदीच नव्हती, कारण तिकडून माणूस चढेल असं कुणाच्या स्वप्नातही नव्हतं."

"म्हणजे तानाजीच," मी म्हणाले.

"तानाजीच्या आधी ऐंशी-ब्याऐंशी वर्षं!"

"घोरपड होती का?"

अहोंना या प्रश्नाचं उत्तर ठाऊक नव्हतं आणि तेवढ्या वेळात त्यांची सायकल थांबली. थांबलेली सायकल त्या चढावर पुन्हा सुरू होत नाही. मग दोघंही ढकलत वर गेलो, त्याच दगडी दरवाजातून, ज्याच्या बुरुजात १३०७ नंतर टेंपल या धर्मयोद्ध्यांच्या पंथातल्या सरदारांना कोंडून ठेवलं होतं. त्यांनी भिंतींवर क्रूस वगैरे कोरून ठेवलेत. कैदेत होते, पण बसून होते.

चढावर ढकलत असताना सायकलच्या गिअरचा इतिहास ऐकणं ही आणखी वेगळी शिक्षा. सँत-एतिएन शहरात पॉल द व्हिव्ही नावाचा एक गृहस्थ होऊन गेला. 'व्हेलोसिओ' या नावाने तो लिहायचा. गिअर बदलता येणारी सायकल हवी म्हणून तो आयुष्यभर हट्टाने सांगत राहिला, आणि तरी तूर द फ्रान्स या सायकल शर्यतीत आत्ताच्यासारखा चालता चालता बदलायचा गिअर वापरायची मुभा खेळाडूंना मिळाली ती थेट १९३७ साली. तोवर घाट आला की खाली उतरायचं, मागचं चाक काढायचं, उलटं बसवायचं, कारण दुसऱ्या बाजूला चढाची चकती असायची. अहोंना यात शौर्य दिसलं. मला यात उतरायचं अधिकृत कारण दिसलं.

याच व्हेलोसिओचा एक उपदेश सायकलवाले अजून पाळतात: भूक लागायच्या आत खा, तहान लागायच्या आत प्या. माणूस थोर असेल, पण या उपदेशाला दुकान उघडं लागतं. तिकडच्या खेड्यांत खानावळी साधारण बारा ते दोन जेवण देतात. तुम्ही बारा वाजता दरीच्या तळाशी असता आणि दोन वाजून दहा मिनिटांनी चौकात. किराणावाला तेव्हा स्वतः जेवायला गेलेला. रविवारी दुपारनंतर सगळं बंद, सोमवारी पुष्कळदा पाववालाही बंद. बंद दाराला लटकलेली वेळापत्रकं मी इतकी वाचली की आठवड्याच्या वारांपुरतं माझं फ्रेंच आता चांगलं आहे.

दुकान उघडं सापडलं तरी मी शाकाहारी. हा प्रदेश बदकांचा. बदक स्वतःच्याच चरबीत मंद शिजवलेलं, बदकाचं काळीज, 'पाते' नावाचा जो पदार्थ मी पेठा समजून उत्साहाने मागवला तोही बदकाचाच. सॅलडमध्ये अक्रोड दिसले म्हणून आनंदाने घेतलं, तर अक्रोडांच्या खाली बदकाची भाजलेली पोटं. शेवटी बोट दाखवून सांगितलं, नुसते बटाटे द्या. लसूण घातलेले, कडा खरपूस झालेले, असे सुंदर बटाटे आले. निम्मे संपल्यावर मुलीचा फोन आला, तिने सांगितलं, "आई, ते सार्लाचे बटाटे ना? ते बदकाच्या चरबीत परततात." मग रोकामादूरचं बकरीच्या दुधाचं चीज आणि ऑम्लेट यांवर दिवस काढले. ते चीज मात्र खरंच छान असतं. बिस्किटाएवढी चकती, गरम पावावर, वर थोडा मध. त्याच्यासाठी मी एक बाण चढेन. दोन नाही.

पाण्याची गोष्ट वेगळीच. फ्रान्समध्ये खेडेगावात बाटल्या भरायच्या तर सायकलवाले सरळ कबरस्तानात जातात. फुलांना घालायला तिथे नळ असतोच आणि पाणी पिण्याजोगं नसेल तर बहुधा तशी पाटी असते. पहिल्यांदा मी फाटकाबाहेरच उभी राहिले. नंतर तहानेपुढे संस्कार नरमले. नेमका त्याच वेळी पुण्याहून सासूबाईंचा व्हिडिओ कॉल.

"कुठे आहात गं? मागे छान संगमरवर दिसतोय."

"एका बागेत आहोत, आई."

"बसायला बाकं आहेत का?"

"आहेत. पण सगळे आडवेच आहेत."

कोर्द हे या सगळ्यांचं शिरोमणी. तुलूझच्या सातव्या रेमाँ सरदाराने १२२२ साली वसवलेलं, आणि खाली धुकं असलं की ढगांवर तरंगल्यासारखं दिसतं, म्हणून १९९३ पासून गावाने नावातच 'आकाशावरचं' अशी भर घातली. गोलगोट्यांच्या फरसबंदीवरून सायकल ढकलत आम्ही निघालो. शेजारून पर्यटकांची छोटी रबरी चाकांची गाडी गेली. त्यातल्या लोकांनी आमचे फोटो काढले. मग सत्तरीच्या पुढच्या दोन फ्रेंच आजीबाई, पुढच्या टोपलीत लांब पाव, अगदी गप्पा मारत, वर निघून गेल्या. कपाळावर घाम नाही. त्यांच्या सायकलींच्या दांड्यावर जाडजूड बॅटरी होती हे मला नंतर दिसलं, पण अहोंनी आधी पाहिलं होतं आणि तोंड फिरवलं होतं. बॅटरी ही त्यांच्या मते फितुरी आहे.

परत आल्यावर मुलीनेच विषय काढला. "पुढच्या वेळी लुआर नदीच्या काठाने जा ना. नऊशे किलोमीटरचा सायकलमार्ग आहे. शांबोरसारखे राजवाडे, आणि जवळजवळ सगळं सपाट."

मी हातातलं ताट खाली ठेवलं. "राजवाडे आणि सपाट?"

"पण त्यात लढाई कुठे आहे?" अहो म्हणाले. त्यांनी जेवणाच्या टेबलावर नवा नकाशा पसरला होता, ओव्हेर्न्यचा. तिकडे डोंगर नुसते डोंगर नाहीत, विझलेले ज्वालामुखी आहेत, असं ते मुलीला समजावत होते.

मी काही बोलले नाही. तुलूझमधल्या सायकलवाल्याकडे बॅटरीच्या सायकलीचं भाडं विचारून ठेवलं आहे. एकाच सायकलीचं.