अहो, अंधारात हत्ती दिसत नाही!

सुट्टीत बोट्स्वानाला पाहुणे येतात आणि दरवेळी तेच. राजधानी गाबोरोनहून उत्तर टोकाचं कासाने गाव 900 किलोमीटरच्या वर आहे, पहाटे निघायचं, हे आदल्या रात्री घसा कोरडा होईपर्यंत सांगायचं. सकाळी नऊला काकांचा दुसरा चहा चालूच! "आपल्याकडे रात्रीच निघतात, रस्ता मोकळा मिळतो." अहो, इथे रात्री रस्त्यात गाई नि गाढवं ठाण मांडून असतात. वाटेतल्या नाटा गावाच्या पुढे तर हत्ती. रंग डांबराचाच, रस्त्यावर दिवे नाहीत, पेट्रोल पंप विरळ. हॉर्न वाजवा म्हणे. हत्तीला? बरं, वाटेत फ्रान्सिसटाउन शहरात मुक्काम करू म्हटलं की तोंडं वाकडी, "तिथे बघण्यासारखं काय आहे?" झोपा की मुकाट्याने!