आभाळ आलंय, जायचं का नाही?

डभोईजवळच्या वढवाणा तलावावर पक्षी बघायला जायचं रात्री पक्कं ठरतं, गाडी सांगून होते, आणि पहाटे पाचला ग्रुपवर सुरू, आभाळ आलंय, काय करायचं? मग एक काका म्हणणार थांबून बघू, कोणी मोबाइलमधलं हवामान टाकणार, दोन वहिनी कॅन्सल, आणि आम्ही बडोद्यात दांडिया बाजारच्या कोपऱ्यावर दुर्बीण गळ्यात अडकवून उभे, भाडं आता चौघांवर.

अहो, हिवाळ्यात गुजरातेत मावठा पडतोच, नवीन काय त्यात? उलट ढगाळ दिवस पक्ष्यांसाठी छान असतो. कडक उन्हात नऊ-दहा वाजले की पाण्यावरची हवा थरथरायला लागते आणि स्कोपमधून लांबचं बदक नुसतं हलत राहतं, ढग असले की तो त्रास नाही. सर थांबली की पक्षी पंख झटकत बाहेर येतात, खायला लागतात, तेव्हाच बघायचं असतं! धुकं असेल तर तासभर उशिरा निघा ना, रद्द कशाला?

१९१० साली बडोदा संस्थानानं बांधलेला तलाव, २०२१ पासून रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, पट्टकदंब हंस हिमालय ओलांडून तिथे येतात आणि आपण डभोईपर्यंत जायला कुरकुरतो, खरंच चीड येते.

आणि जे येतात त्यातला एक तरी भडक केशरी प्लॅस्टिकचा रेनकोट घालून, पाऊल टाकलं की चर्रचर्र आवाज, काठावरची टिटवी लगेच बोंब मारणार आणि सगळा थवा उडणार. मळकट रंगाचं जुनं जॅकेट आणा, एवढं तर करा.

यापुढे रात्री नऊनंतर नाही म्हणाल तर भाडं द्यायचं. मी तरी सोडणार नाहीये.