पायरी चुकली

दहावीला मला गणितात ६५ गुण होते. १५० पैकी. यातलं दुसरं वाक्य मी लग्नानंतर कुणाला सांगितलेलं नाही. त्यामुळे यंदा दहावीत जाणारी लेक मे महिन्याच्या घामट दुपारी बीजगणिताचं पुस्तक घेऊन पडवीत आली आणि ‘बाबा, तुला एकसामयिक समीकरणं येतात ना?’ म्हणाली, तेव्हा नाही म्हणायची सोयच नव्हती.

‘सोपं असतं गं,’ पेटीत पेंढा भरता भरता मी म्हटलं. ‘दोन चलं, दोन समीकरणं. एका चलाचे सहगुणक सारखे करून घ्यायचे आणि वजाबाकी मारायची. एकाचा लोप झाला की दुसरं हातात येतं.’ ती समाधानाने गेली. मी सुटलो.

सुटलो कसला! संध्याकाळी डोंबिवलीच्या चुलतभावाचा फोन. ‘ताईला नि भावोजींना ज्या भावाने दिलेस त्याच भावाने मला दे. हापूस काय नि पायरी काय, पेटीचा भाव कळव.’

देवगडात चार कलमं असली की नातेवाईक चाळीस असतात. त्यांना भाव सांगताना माझी जीभ अडखळते. कायतरी पुटपुटतो, ते फोनवरून एकरकमी पैसे पाठवतात आणि मी दिनदर्शिकेच्या एप्रिलच्या पानामागे आकडा टिपून ठेवतो. ते पान काढलं. आंब्याच्या चिकाने एक कोपरा काळा पडलेला, आणि दोन ओळी: भावोजी, २ हापूस ३ पायरी, ९,८०० रुपये. ताई, ४ हापूस ६ पायरी, १९,८०० रुपये. पेटीचा भाव कुठेच नाही.

‘बाबा, दोन चलं, दोन समीकरणं!’ लेक नाचायचीच बाकी होती.

हापूसला ह, पायरीला प. भावोजींना दोनने गुणलं: ४ह + ६प = १९,६००. त्यावर ताईला ठेवलं: ४ह + ६प = १९,८००. वजाबाकी केली. हापूस उडाला. पायरीपण उडाली. डावीकडे शून्य आणि उजवीकडे दोनशे.

शून्य बरोबर दोनशे. मी चष्मा पुसून पुन्हा बघितलं. तेवढंच होतं. लेकीने पुस्तक चाळून निकाल दिला की याला उकल नाही. आलेख काढला तर या रेषा समांतर येतील. म्हणजे कणकवलीच्या फलाटावरून दिसणारे रूळ. ताई आणि भावोजी, मडगावपर्यंत गेले तरी भेटायचे नाहीत.

बायको कोकम सरबत घेऊन आली, पानावर नजर टाकून म्हणाली, ‘ते दोनशे टेम्पोचे. ताईंच्या दहा पेट्या होत्या. भावोजींनी गाडीतून नेल्या.’

गणिताने ज्याला अशक्य म्हटलं होतं, त्याला ती टेम्पो म्हणाली. दोनशे वजा केले. आता शून्य बरोबर शून्य! यात खोटं काहीच नाही आणि उपयोगाचंही काही नाही. ताईने भावोजींचीच खरेदी दुप्पट करून नेलेली. म्हणजे दुसरं समीकरण नव्हतंच, पहिल्याची झेरॉक्स होती. ‘अनंत उकली,’ लेक म्हणाली. हापूस १,००० आणि पायरी २,६०० चालेल. पायरी फुकट आणि हापूस ४,९००, तेही चालेल. घरचं गिऱ्हाईक असलं की असंच होतं म्हणा.

नवव्या शतकात महावीराचार्यांनी ‘गणितसारसंग्रहा’त फळांचंच उदाहरण घातलंय. ९ महाळुंगं नि ७ कवठं मिळून १०७. ७ महाळुंगं नि ९ कवठं मिळून १०१. दोन्हींची बेरीज करून १६ ने भागलं की एक महाळुंग अधिक एक कवठ १३; वजाबाकी करून २ ने भागलं की त्यांच्यातला फरक ३. महाळुंग ८, कवठ ५. काय गिऱ्हाईक असेल ते! दुसऱ्या खेपेला पिशवीतले आकडे उलटे करून नेले. आमच्या ताईला एवढं सुचलं असतं तर?

‘गुरुजींनी एकेक पेटी नेली की,’ बायकोला आठवलं. ‘४,१०० दिले त्यांनी.’

देव पावला. ह + प = ४,१००. या वेळी लेकीच्या हातातली पेन्सिल मीच घेतली. तिला जेवायला पाठवलं. दोनने गुणून २ह + २प = ८,२००, आणि ते भावोजींच्या २ह + ३प = ९,८०० या ओळीखाली. चिन्ह बदललं, हापूस उडाला. ५प = १८,०००. पायरी ३,६००! गुरुजींच्या समीकरणात घातली, हापूस ५००.

हापूसपेक्षा पायरी महाग? क्षणभर खटकलं. पण यंदा पायरी कमीच धरली होती, आणि उत्तर पूर्णांकात आलं की शंका घेऊ नये असं मला उगीचच वाटतं. तरी शिस्त म्हणून ताळा केला. ५०० अधिक ३,६०० बरोबर ४,१००. चोख! भावाला भाव कळवून टाकला.

लेक हात पुसत आली. वही बघत राहिली.

‘बाबा, चिन्ह पहिल्याच पदाचं बदललंस. पुढे पायरीची बेरीज केलीस, आकड्यांचीपण.’

‘पण ताळा जमलाय!’

‘ज्या समीकरणातून हापूस काढलास त्यातच ताळा केलास. तो जमणारच. भावोजींच्यात घालून बघ.’

घातलं. ११,८०० आले. भावोजींनी दिलेले ९,८००.

आतून आईचा आवाज आला, ‘पायरी सोळाशे नि हापूस अडीज हजार. गुरुजींका सांगलंस ता मी आयकलंय मा! माका इचारूक काय झाला?’

तेवढ्यात खिशात फोन थरथरला. डोंबिवलीहून उत्तर आलं होतं. ‘पायरी नको. हापूसच्या २० पेट्या ठेव. सोसायटीत सगळ्यांना सांगितलंय.’