वरचं, खालचं आणि आजीचं

बायोमेडिकल इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आमच्या ग्रुपने बीपीचं मशीन बनवायला घेतलं, कारण ते सगळ्यात सोपं वाटलं. दंडाला पट्टा, पट्ट्यात हवा, हवेचा दाब मोजायला सेन्सर आणि स्क्रीनवर दोन आकडे. इटलीच्या रिवा-रोच्चीने १८९६ मध्ये पट्टा आणला, रशियाच्या कोरोटकॉव्हने १९०५ मध्ये स्टेथोस्कोप लावून त्याखालचे आवाज ऐकले. आता आम्ही फक्त वायरी जोडायच्या.

लॅमिंग्टन रोडच्या दुकानदाराने पंप, सेन्सर आणि व्हॉल्व्ह न विचारताच काउंटरवर मांडले. "बीपी ना? पिछले साल भी बच्चे लेके गये थे." त्यांचं पुढे काय झालं, हे विचारायचा धीर कोणालाच झाला नाही.

सरांनी सर्किटकडे बघितलंसुद्धा नाही. "रिस्क फाइल कुठाय?" आयएसओ १४९७१ नावाचं एक मानक आहे. त्याचा मथितार्थ असा, की मशीन बनवण्याआधी त्याने कोणाकोणाचं काय काय वाटोळं होऊ शकतं ते बसून लिहून काढा. आम्ही रात्रभर लिहिलं: बॅटरी उतरली, वायर सुटली, सेन्सर गेला. सरांनी कागद परत सरकवला. "यात माणूस कुठाय? माणूस मशीन चुकीचं वापरणारच. कसं वापरेल ते लिहा."

मी शनिवारी डोंबिवलीला घरी गेलो आणि आजीसमोर वही घेऊन बसलो.

आजीकडे बाजारातलं तयार मशीन आहे. त्याच्या माहितीपत्रकात लिहिलंय, की पाच मिनिटं शांत बसा, पाठ टेकवा, पाय जमिनीवर ठेवा, दंड हृदयाच्या पातळीवर ठेवा, बोलू नका. आजी दिवाणावर मांडी घालून बसली, पट्टा ब्लाउजच्या बाहीवरूनच गुंडाळला आणि बटण दाबून स्पीकरवर माईणमावशीशी कोणाच्या तरी सुनेबद्दल बोलू लागली. पट्टा फुगला, सून आली, आकडा आला: १५८.

"हे नको," आजी म्हणाली. "परत लाव."

पुन्हा लावल्यावर १४६ आले. "हं, हे बरंय." तिने ते डायरीत सुवाच्य अक्षरात उतरवलं. ही डायरी डॉक्टरांना दाखवायची असते. डॉक्टर दर महिन्याला खूश असतात.

मी लिहीत सुटलो. मशीनचे सेल काढून टीव्हीच्या रिमोटला घालणे. शेजारच्या काकूंना मशीन उसनं देणे. काकूंचा दंड भरदार, पट्टा मात्र आजीच्या मापाचा. लहान पट्ट्याने आकडा मुळातच चढा येतो. त्यामुळे काकूंचं बीपी वाढल्याचं अख्ख्या बिल्डिंगला ठाऊक आहे आणि त्यांच्या घरात लोणचं बंद झालंय. आमच्या तक्त्यात 'शक्यता' असा रकाना होता, एक ते पाच गुणांचा. आजीच्या पानावर सगळीकडे पाच.

"हे आकडे येतात कुठून?" आजीने विचारलं. मी उत्साहाने सांगू लागलो. पट्टा सैल होताना नाडीच्या प्रत्येक ठोक्याला आतली हवा जराशी थरथरते. ही थरथर जिथे सगळ्यात जास्त, तो सरासरी दाब. मशीन तो पकडतं आणि त्यावरून वरचं नि खालचं गणिताने काढतं. ते गणित प्रत्येक कंपनीचं आपापलं, आणि कोणी सांगत नाही.

आजीने चष्मा काढला. "म्हणजे तुम्ही मधलं मोजणार, वरचं-खालचं अंदाजाने सांगणार. आणि मी दोनातलं एक निवडलं तर तुझ्या वहीत गुन्हा?"

यावर उत्तर सिलॅबसमध्ये नाही.

व्हॉल्व्हचं प्रकरण निराळं. पट्टा फुगलेला असताना लाइट गेली तर? हा प्रश्नसुद्धा आजीचाच, आणि बीपी मशीनच्या वेगळ्या मानकातही तो आहे: बिघाड झाला तरी पट्ट्यात पाऱ्याच्या १५ मिलिमीटरपेक्षा (बीपी याच मापात मोजतात) जास्त दाब १८० सेकंदांहून अधिक वेळ राहता कामा नये. म्हणून करंट गेला की आपोआप उघडणारा व्हॉल्व्ह लागतो. आम्ही तो बसवला, ग्रुपमधल्या सगळ्यात गरीब स्वभावाच्या मुलाचा दंड घेतला आणि ऐन फुगवट्यात प्लग उपटला. फुस्स झालं. त्या 'फुस्स'ला आम्ही टाळ्या वाजवल्या. इतक्या टाळ्या मशीनने बरोबर आकडा दाखवला तेव्हाही पडल्या नव्हत्या, अर्थात ते फारसं घडतही नव्हतं.

आकडा बरोबर आहे हे सिद्ध कसं करायचं? त्याचंही मानक आहे. किमान ८५ माणसं, स्टेथोस्कोप लावून बीपी मोजणारे दोन प्रशिक्षित ऐकणारे, एकाने दुसऱ्याचा आकडा बघायचा नाही, आणि सरासरी चूक पाचच्या आत. सगळी ठणठणीत माणसंही चालत नाहीत, वरचं १६० च्या पुढे गेलेलीही हवीत. आमच्याकडे होती चार पोरं, सगळी १२० बाय ८०, फक्त व्हायव्हाच्या दिवशी १४०.

"पंच्याऐंशी ना?" आजी म्हणाली. "आमचं भजनी मंडळ आहे, वरच्या आळीतलं पण बोलावते. एकशे साठवाल्या तर हव्या तेवढ्या."

"आजी, असं नाही चालत. माणसांवर चाचणी करायची तर आधी एथिक्स कमिटीची परवानगी लागते."

आजीने डायरी मिटली, फोन उचलला. "त्या कमिटीवर कोण कोण आहे, नावं सांग. डोंबिवलीचं कोणी असेल तर मी बघते."