मुक्कामी गाडी, मार्गे निवांत

"या वेळी निवांत जाऊ," असं मी म्हणालो आणि त्या क्षणापासून आमच्या घरातला निवांतपणा संपला.

त्याचं असं झालं. आई-बाबा एप्रिलमध्ये कराडहून आमच्याकडे कॅलिफोर्नियात, फ्रीमाँटला यायचे होते. माझी मावसबहीण लॉस एंजेलिसजवळ आर्टिजियाला राहते. तिच्याकडे आजवर पाच-सहा वेळा तरी गेलो असू, आणि दर वेळी आय-फाइव्हने. आय-फाइव्ह हा इथला सरळसोट महामार्ग, म्हणजे नाकासमोर सहा तास. दोन्ही बाजूंना वाळलेलं गवत, मध्येच बदामाच्या बागा आणि कोलिंगाजवळ हजारो गुरांचा तो वास. काचा वर केल्या तरी तो आत येतो आणि पाहुण्यांच्या घरी पोहोचेपर्यंत सोबत करतो. मग ग्रेपव्हाइनचा चढ, आणि उतरलात की लॉस एंजेलिसची गर्दी. माझ्या लेकीला 'आमची सहल' या विषयावर निबंध लिहायला सांगितला तर ती 'वास' एवढा एकच शब्द लिहील.

म्हणून २०२३ च्या डिसेंबरात, चहात बिस्कीट बुडवता बुडवता, मला आरव्ही सुचली. आरव्ही म्हणजे चाकांवरचं बिऱ्हाड. आत पलंग, शेगडी, फ्रीज, मोरी, संडास, सगळं. विंचवाने पाठीवर घेतलं असतं तर असंच. समुद्राकाठच्या हायवे वनने रमतगमत जायचं, वाटेल तिथे थांबायचं, चहा टाकायचा, खिडकीतून पॅसिफिक बघायचा. बिस्कीट चहात पडलं तेव्हाच सावध व्हायला हवं होतं.

"चालवणार कोण?" बायको म्हणाली.

"मीच. पंचवीस फूट तर आहे. साध्या लायसन्सवर चालते."

हे खरं आहे. कॅलिफोर्नियात रोजची गाडी चालवायच्या लायसन्सवर चाळीस फुटांपर्यंतचं घर हाकता येतं. मागच्याच आठवड्यात मी आमची साधी गाडी मागे घेताना शेजाऱ्यांचा कचऱ्याचा डबा आडवा केला होता. बायकोने तो विषय काढला नाही. नुसती खिडकीतून डब्याकडे बघत राहिली.

'वाटेल तिथे थांबायचं' ही कल्पना पहिल्या तासाभरात निकालात निघाली. समुद्राकाठच्या सरकारी उद्यानांत गाडी लावून राहायची जागा बरोबर सहा महिने आधी, सकाळी आठ वाजता खुली होते आणि आठ वाजून काही सेकंदांनी भरलेली असते. म्हणजे सतरा जूनला मला समुद्राकडे बघत निवांत बसायचं असेल तर सतरा डिसेंबरला, रविवारी, पावणेआठला दात न घासता लॅपटॉपपुढे बसायला हवं. गणपतीला कोकणात जाणारे तेव्हा १२० दिवस आधी तिकीट काढायचे, तर आम्ही त्यांना हसायचो. इथे सहा महिने.

सतराला बिग सरची, म्हणजे हायवे वनवरच्या आमच्या पहिल्या मुक्कामाची, जागा गेली. मी 'बुक करा' दाबलं आणि पडद्यावर ते छोटं चक्र फिरत राहिलं. ते थांबलं तेव्हा नकाशावरचे सगळे हिरवे ठिपके करडे झाले होते. अठराला सोमवारी आम्ही तयारीनिशी बसलो. तीन लॅपटॉप, तीन खाती, लेकीच्या हातात घड्याळ. ती "पाच, चार, तीन" म्हणत असताना श्रीहरिकोट्यात असल्यासारखं वाटत होतं. त्याच किनाऱ्यावर आणखी दक्षिणेला, मोरो बेला अठरा आणि एकोणीस जून, दोन रात्री मिळाल्या. वीज-पाण्याच्या नळासकट! बायकोने मला मिठी मारली. लग्नाच्या वाढदिवसालाही आजकाल एवढं होत नाही.

मग तिने एक्सेल उघडलं. बायको एका कंपनीत प्रोजेक्ट मॅनेजर आहे. तिच्या त्या शीटमध्ये 'निवांत' नावाचा एक स्वतंत्र रकाना होता. मंगळवार, सव्वाचार ते पाच. मी विचारलं, पाचनंतर काय? "पाचला करडी टाकी तपासायची," ती म्हणाली. टाक्यांकडे येतोच.

आता हायवे वन. हा रस्ता डोंगर आणि समुद्र यांच्या मधल्या चिंचोळ्या कडेवर कोरलेला आहे आणि डोंगराला ते अजून मान्य नाही. २०२३ च्या जानेवारीत बिग सरच्या दक्षिणेला दरड कोसळून तो बंद झाला होता. मला ते ठाऊक होतं. पण अमेरिका आहे, सहा महिन्यांत करतील, असा माझा हिशेब. झालं उलटंच. २०२४ च्या मार्चमध्ये दुसऱ्या ठिकाणी नवी दरड आली, आणि त्याच महिन्याच्या ३० तारखेला रॉकी क्रीकपाशी रस्त्याची एक बाजूच सुटून खाली समुद्रात गेली. उत्तरेकडून बिग सरपर्यंत जाता येईना, दक्षिणेकडून त्याच्या अलीकडे थांबावं लागे, आणि मधल्या तुकड्यावर फक्त डोंगर आणि जेसीबी. बिग सरची जागा मिळाली नाही याचा मला पहिल्यांदा आनंद झाला. बायको म्हणाली, हा आनंद एक्सेलमध्ये कुठे टाकू?

बाबा आले ते या टप्प्यावर. बाबा एसटीतून वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झाले. कुठल्याही प्रवासाचा विषय निघाला की ते १ जून १९४८ पासून सुरुवात करतात, कारण त्या दिवशी पहिली एसटी पुण्याहून नगरला सुटली. मी त्यांना आरव्हीचे फोटो दाखवले. त्यांनी चष्मा वर केला, खाली केला, आणि म्हणाले, "अरे, ही तर मुक्कामी गाडी!"

ज्यांनी खेड्यात दिवस काढलेत त्यांना सांगायला नको. संध्याकाळी शेवटच्या गावात जाऊन थांबणारी, ड्रायव्हर-कंडक्टर आतच पथारी टाकतात ती, आणि पहाटे पहिली फेरी घेऊन तालुक्याला परतणारी ती मुक्कामी गाडी. बाबांनी त्या शब्दासरशी माझं सगळं नियोजन ताब्यात घेतलं.

"ॲव्हरेज किती?"

"गॅलनला आठ-दहा मैल."

त्यांनी मनात लिटर-किलोमीटर केलं. "म्हणजे लिटरला जेमतेम चार. आमची लालपरी याहून बरं द्यायची, पन्नास माणसं घेऊन. ही पाच माणसांत पीत काय बसते?"

"फ्रीज, बाबा. पलंग. शॉवर."

"प्रवासात आंघोळ?" बाबा म्हणाले. त्यांच्या हयातीत हे झालेलं नव्हतं.

रस्ता बंद आहे हे कळल्यावर मात्र त्यांचा चेहरा उजळला. "दरड कोसळली? मग काय झालं. वरंधा घाट दर पावसाळ्यात बंद असतो, गाड्या थांबल्या का? मार्गे बदलायचं." आणि एका दुपारी, माझ्या प्रिंटरचे अकरा कागद वाया घालवून, त्यांनी फ्रिजवर वेळापत्रक चिकटवलं: 'फ्रीमाँट – मोरो बे (मुक्कामी), मार्गे सॅलिनास, पासो रोबल्स. सुटण्याची वेळ ०६:००. सॅलिनास थांबा १० मिनिटे.' बायकोच्या एक्सेलमध्ये सॅलिनासला पाऊण तास होता. दोघांची दोन दिवस वाटाघाट चालली आणि शेवटी पंचवीस मिनिटांवर तोडगा निघाला. मला कोणी विचारलं नाही. मी ड्रायव्हर.

इथल्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर मी चूक करून "कोणी आरव्ही नेली आहे का?" असं विचारलं. नेलेली कोणीच नव्हती, सल्ले एकशे चाळीस आले. एकाने सांगितलं, मोटेल घ्या. दुसऱ्याने सांगितलं, सॅन सिमिऑनजवळ एलिफंट सील बघितल्याशिवाय येऊ नका. तिसरा म्हणाला, रात्री दहा ते सकाळी सहा शांतता पाळावी लागते, कुकर लावू नका. हा शेवटचा सल्ला आईच्या जिव्हारी लागला. शिट्टी न होता तिची डाळ शिजत नाही. शिट्टी दाबून धरता येईल का, यावर तिने बराच विचार केला.

आईचे प्रश्न बाबांपेक्षा मुळाशी जाणारे होते. चालत्या गाडीत चहा करता येईल का? नाही, गॅस बंद ठेवायचा. चालत्या गाडीत पलंगावर पडता येईल का? नाही, पट्टा लावून बसायचं. मायक्रोवेव्ह आणि एसी एकदम? तीस अँपिअरवर नाही, बटण पडतं. आईने सगळं ऐकून घेतलं. "म्हणजे गाडी चालू असताना घर बंद, आणि घर चालू असताना गाडी बंद," ती म्हणाली. "मग दोन्हीचं भाडं कशाला?" भाड्याच्या कंपनीला हा प्रश्न विचारायची माझी फार इच्छा होती, कारण रोजच्या भाड्यावर त्यांचे मैलाचे पैसे वेगळे, जनरेटरच्या तासाचे वेगळे, पांघरुणांचे वेगळे आणि चमच्या-वाट्यांचे वेगळे होते. भांडी आईने घरची घेतली. तिच्या दृष्टीने परक्या वाटीला कसला वास असतो कोण जाणे.

आता टाक्या. आरव्हीच्या पोटात वापरलेल्या पाण्याच्या दोन टाक्या असतात. मोरीचं, शॉवरचं पाणी करड्या टाकीत. संडासाचं काळ्या टाकीत. आणि या टाक्या मालकाने, म्हणजे भाड्याने घेतलेल्याने, म्हणजे मी, रिकाम्या करायच्या असतात. जाड नळी लावायची, हातमोजे घालायचे, आणि आधी काळीची झडप उघडायची, मग करडीची, म्हणजे साबणाच्या पाण्याने नळी धुऊन निघते. क्रम चुकला तर काय होतं हे दाखवणारा व्हिडिओ मी आमटी-भात जेवताना लावला. आमटी उरली. मुक्कामाच्या ठिकाणी काळीची झडप उघडी ठेवायची नाही, हेही त्यात होतं. ठेवली तर पातळ वाहून जातं आणि उरलेल्याचा आत पिरॅमिड होतो. व्हिडिओतला माणूस 'पिरॅमिड' म्हणताना हसत होता. त्याला सवय झाली असावी.

"हे तुझ्याकडे," बायको म्हणाली आणि एक्सेलमध्ये माझं नाव टाकलं. त्या शीटमध्ये माझं नाव एवढ्या एकाच ओळीत होतं, आणि तिने ती पिवळी केली.

आईने गाडीचा नकाशा मागून घेतला आणि बोटाने मोजलं. शेगडीपासून संडासापर्यंत तीन हात. ती काही बोलली नाही. कागद घडी करून परत दिला. त्या रात्री लेक माझ्या कानात कुजबुजली, "बाबा, मी तिकडे जाणार नाहीये हं." सकाळी बायको म्हणाली, की सॅलिनासला पेट्रोल पंप स्वच्छ असतात असं ऐकलंय. दुपारी बाबांनी वेळापत्रकात तीन नवे थांबे वाढवले आणि कारण लिहिलं नाही. माझ्या लक्षात आलं की पाच माणसांचं अख्खं कुटुंब एका संडासाचं भाडं भरून तो वापरायला कोणीच तयार नव्हतं. मीही नव्हतो. भरला तर रिकामा मलाच करायचा होता.

सतरा जूनला दुपारी गाडी ताब्यात घ्यायला गेलो. आवारातल्या मुलाने फळीवर कागद लावून सगळीकडून ओरखडे टिपून घेतले, उंची अकरा फूट आहे हे तीनदा सांगितलं आणि ती समोरच्या काचेवर चिकटवली. गाडी सपाट जागी उभी हवी, नाहीतर फ्रीज नीट चालत नाही, असंही म्हणाला. बाबांनी खिशातून लिंबू काढून टेबलावर ठेवलं. लिंबू सावकाश, कुठलीही घाई न करता, संडासाच्या दिशेने घरंगळत गेलं. "उजवीकडे उतार आहे," बाबा म्हणाले. त्या मुलाने कागदावर काहीतरी लिहिलं.

लिंबू अर्थात उतार बघायला आणलेलं नव्हतं. आईने पर्समधून आणखी तीन काढली, चारही चाकांखाली एकेक ठेवलं, आणि पिशवीतून नारळ काढला. मुलगा पुढे आला. मी त्याला समजावलं, आमच्याकडे नव्या गाडीला असं करतात. गाडी नवी नाही, तो म्हणाला, एकोणपन्नास हजार मैल झालेत. मग आईने विचारलं, हळदीकुंकू लावलं तर चालेल का. त्याने करारातली धुलाईची रक्कम दाखवली. आईने आकडा वाचला, मनातल्या मनात रुपये केले, आणि बंपरला नुसता हात लावून नमस्कार केला. नारळ फाटकाबाहेर, पदपथावर फोडला.

गाडी घरापर्यंत आणताना मी कुठेही काही पाडलं नाही, हे नोंदवतो. शेजाऱ्यांनी त्यांचा डबा आत घेतलेला होता.

अठराला पहाटे साडेपाचला सामान चढत होतं. थालीपिठाची भाजणी, मेतकूट, दोन कुकर (शिट्टी काढून ठेवलेला एक, न काढलेला एक), बाबांची दोन घोंगड्यांची वळकटी आणि लेकीचा चार्जर. मी आरसे लावले, पट्टा बांधला. आरशात मागचं टोक दिसत होतं, पण ते माझं आहे यावर विश्वास बसत नव्हता. बरोबर सहाला बाबांनी मागून गाडीच्या पत्र्यावर दोनदा टकटक केलं.

डबल बेल. मी ब्रेक सोडला. घर हललं. कपाटातल्या वाट्या एकमेकींवर आपटल्या, कुठलं तरी दार उघडलं, आम्ही ड्राइव्ह-वेवरून रस्त्यावर आलो आणि कोपऱ्यापर्यंतचे साठ-सत्तर फूट मी निवांत चालवले.

मग पत्र्यावर एकच टक.

मी थांबलो. मागे वळून बघितलं तर बाबा खिडकीबाहेर बघत होते आणि आई उतरायच्या तयारीत, पदर खोचून, एका हातात घराची किल्ली घेऊन उभी होती.

"दोन मिनिटं रे," ती म्हणाली. "घरचंच जाऊन येते."

तिच्यामागे लेक उतरली. लेकीमागे बायको. बाबांनी घड्याळ बघितलं, वेळापत्रकावर पेन्सिलने काहीतरी खोडलं आणि तेही उतरले.